गाडीतून दिलेली हाळी

आबा, काल नवी गाडी घेतली आणि तिच्यात वायर खुपसायला भोकच नाही. विकणाऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की आता वायरबियर काही लागत नाही, फोन खिशात ठेवून आत बसायचं, गाडी आपली आपण गाणी लावते. आमच्या ह्यांना ते भलतंच आवडलं. मी मात्र घरी येईपर्यंत घुम्यासारखी बसले होते. गाडी आवडली नाही का, असं दोनदा विचारून झालं. आवडली की. पण मला ती जुनी गाडी आठवत होती आणि तिच्यापाठोपाठ तुम्ही आठवत होता, आणि हे दोन्ही त्यांना चालत्या गाडीत कसं सांगणार? म्हणून आज लिहायला बसले.

जुनी गाडी तुम्हाला पक्की आठवत असेल. दुसऱ्यानं वापरून सोडलेली होती, पण कॉलेजच्या ऑफिसातल्या माझ्या पगारावर घेतलेली होती. पहिल्यांदा बसलात तेव्हा सीट गुळगुळीत आहे, माणूस घसरतंय अशी तक्रार केलीत आणि आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं मागच्या सीटवर अंथरलंत. उतरताना ते तसंच ठेवून गेलात. येणारेजाणारे म्हणायचे, गाडीला वास येतो. मला तो वास कधी वाटलाच नाही. आणि पुढं ते माझं काडेपेटीएवढं गाण्यांचं यंत्र होतं. वायरीची एक पिन त्याच्यात, दुसरी गाडीच्या टेपला असलेल्या भोकात. पिन जराशी तिरकी बसली की एकाच बाजूनं गाणं यायचं, मग मी ती चिमटीत धरून फिरवत राहायची. तुम्ही मागून विचारायचा, गाडीला एका कानानं ऐकू येत न्हाय व्हय? मला राग यायचा आणि हसूही यायचं.

मग त्या वर्षी मंद्रूपच्या अलीकडं, ओढ्यातल्या दगडावरून घसरून तुमचा पाय मोडला. सोलापूरच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालून तुम्हाला झोपवून ठेवलं आणि कळपाकडं बघायला करकंबहून धाकटे काका आले. काकांची मेंढरं सुटून बरीच वर्षं झाली होती, ते ऊसवाले झालेले. मेंढरं त्यांना जुमानेनात. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. कळप लोकांच्या ज्वारीत शिरायचा, लोक शिव्या द्यायचे, आणि अर्धी मेंढरं माळावर पांगून रात्री कोंडायच्या जाळीच्या बाहेरच राहायची. काकांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं की त्यांच्यानं होत नाही, रविवारी व्यापाऱ्याला बोलावलंय, सगळा कळप एकदम देऊन टाकू. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत आणि, बघा, तुमाला बरं दिसंल तसं, एवढंच म्हणालात. तुम्ही असं कधी बोलत नसायचा. कळप गेला तर पाय बरा होऊनही तुम्ही उठणार नाही, हे मला तिथंच कळलं.

गाडीची युक्ती माझी होती. त्या यंत्राला बारीकसा माइक होता, त्यात बोललेलं साठून राहायचं. मेंढरं जिला वळायची ती तुमची हाळी त्यात भरून घ्यायची, गाडी माळावर न्यायची, दारं उघडायची आणि टेपवर मोठ्यानं लावायची. तुम्ही ऐकून घेतलंत, पण वॉर्डात हाळी द्यायला काही तयार होईनात. समोर एक बी मेंढरू न्हाय आन् हाळी कुनाला मारू, लोक येडा म्हनतील की, असं तुमचं म्हणणं. चाकाच्या खुर्चीत बसवून तुम्हाला दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत नेलं, तिथंही तेच. मेंढरं समोर आहेत असं समजा म्हटलं तर खाकरल्यासारखा काहीतरी आवाज काढलात. त्या आवाजाला कोंबडीसुद्धा आली नसती. शेवटी म्हणालात, "तू जा बरं फुडं. लांब जा. वळून बगू नगो."

मी यंत्र चालू करून तुमच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि निघाले. ऑफिसातून तशीच आलेली मी, खांद्याला पर्स, आणि दवाखान्याच्या आवारात मेंढरू होऊन चाललेय. दोन नर्स जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. पार कंपाउंडच्या भिंतीजवळ पोचले आणि मागून हाळी आली. आधी टाळूला जीभ लावून काढलेला टकटक आवाज आणि मग ती लांब, वर चढत जाणारी हाक, जिच्यात शब्द असा नाहीच. आबा, मी थांबायचं असं ठरवलेलं नव्हतं. पाय थांबले आणि मी वळले. लहानपणी माळावर बोरं वेचत मी लांब गेले की तुम्ही मला नावानं नाही, ह्याच हाळीनं बोलवायचा, कोकरांना आणि मला एकदमच. दुसऱ्या पोरींना ह्याची लाज वाटली असती. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माळावर ह्या माणसाला मी दिसतेय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गाडी थेट माळावर घातली. काका म्हणाले, हायेत ती बी पळून जातील ह्या गाडीला भिऊन. मी चारी दारं उघडली, वायर जोडली. आधी नेहमीप्रमाणं एकाच बाजूनं खरखर, मग पिन फिरवल्यावर तुमची हाळी पूर्ण माळावर गेली. सगळ्या माना एकदम वर. मग धुरळा. ओढ्यातनं, झुडपातनं, लोकांच्या बांधावरनं मेंढरं धावत आली आणि गाडीला गराडा पडला. काका डोक्याला हात लावून हसत सुटले. मलाही फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. पण मेंढरं पुढं काही करेनात. तोंड खाली घालून चरेनात, काकांच्या मागं जाईनात. ती म्हातारी कानतुटकी मेंढी, जी नेहमी तुमच्या पायात पायात असायची, तिनं मागच्या दारातनं मान आत घातली, घोंगडं हुंगलं, मग पुढची सीट हुंगली, आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. मी हळूहळू गाडी चालवत त्यांना जाळीपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी अर्धीच आली. तिसऱ्या दिवशी हाळी लावली तर त्यांनी नुसती मान वर केली आणि परत खाली घालून चरायला लागली. म्हातारीनं तेवढंही केलं नाही.

रविवार जवळ आलेला. मी रडकुंडीला येऊन तुमच्या कॉटशी बसले आणि सगळं सांगितलं. वाटलं, तुम्ही परत भिंतीकडं वळाल. तुम्ही हसलात, पहिल्यांदाच त्या दवाखान्यात. मग म्हणालात, "शानी हायेत. हाळी मारनारा तितं असावा लागतोय, पोरी. मी न्हवतो, त्यास्नी कळलं. ते पुसून टाक आदी. आन् उद्या तुज्या त्वांडानं मार."

माझं ऐकतील का, असं मी विचारलं. न्हाय ऐकनार, तुम्ही लगेच म्हणालात. पयल्या दिवशी तर न्हाईच. पर तू जागा सोडू नगो. तुमच्या देखतच मी ते पुसलं. यंत्रानं नक्की पुसायचं का असं विचारलं, ते तुम्हाला वाचून दाखवलं, आणि तुम्ही म्हणालात, व्हय म्हन त्याला.

काय सांगू, आबा. गाडी लांब उभी करून, पदर खोचून, मी माळावर हाळी देत उभी. आवाज मध्येच चिरकायचा. काका मान फिरवून हसायचे. उन्हानं डोकं दुखायला लागलं तरी जागा सोडली नाही, कारण तुम्ही सांगितलं होतं. संध्याकाळच्या सुमाराला एक कोकरू आलं, बहुतेक चुकून. त्याच्यामागं त्याची आई. मी व्यापाऱ्याला निरोप पाठवला की येऊ नका. आठवडा जायच्या आत कळप माझ्या हाळीला वळायला लागला. म्हातारी सगळ्यात शेवटी आली, उपकार केल्यासारखी.

तुम्ही काठी टेकत घरी आलात, आणि पुढं कितीतरी वर्षं त्या कळपामागं हिंडलात. ती वर्षं मला बघायला मिळाली, ह्याबद्दल मी कुणाचे आभार मानू, तुमचेच मानते. आणि आणखी एक दिलंत. पोरं लहान असताना दोन गल्ल्या पलीकडनं फोनवर त्यांना दटावणं मला कधी जमलं नाही. ऑफिसात कुणाला बोलवायचं तर मी खुर्चीतून उठून जाते. लोक म्हणतात, बाईंना सवयच तशी आहे. सवय कुठली, शिकवणूक आहे.

तुम्ही गेलात त्यालाही आता खूप काळ झाला. कधीतरी ही गोष्ट घरात निघते आणि सगळे मलाच बोल लावतात, एवढा आवाज हातात होता, पुसलास कशाला, एक कॉपी तरी ठेवायचीस. मी म्हणते, आबांनी सांगितलं म्हणून पुसलं. ते खरंच आहे. पण पुढचं मी त्यांना सांगत नाही, आणि हे पत्रही कपाटातच राहणार आहे, म्हणून इथं लिहिते. बरं झालं तुम्ही पुसायला लावलंत. मेंढरांना तिसऱ्या दिवशी कळलं की गाडीत तुम्ही नाही. मला अजून कळलं नसतं.