पाचव्या प्रकरणाबद्दल थोडंसं

मँडव्हिल, जमैका
गुरुवार, प्रार्थनेहून परतल्यावर

ती. व्हर्लीनताईस,

धाकट्या इझ्मेचा सप्रेम सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? टोरांटोत बर्फ पडायला लागला असेल, तेव्हा चर्चला जाताना रबरी तळाचेच बूट घाल. श्रद्धाळू माणसंही घसरतात. इथे सगळं ठीक. रक्तदाब माझ्यापेक्षा डॉक्टरांचं जास्त ऐकतो. शेळी व्याली आहे आणि दोन्ही करडं शेजाऱ्यांच्या रताळ्यांवर वाढताहेत.

तू पाठवलेलं पिंप पोचलं. तांदूळ, साबण, मांसाचे डबे सगळं सुखरूप. तळाशी तुझ्या पुस्तकाच्या प्रती होत्या. (त्यांना साबणाचा वास लागलाय, पण आत्मिक शुद्धीच्या पुस्तकाला तो शोभतो.) पुस्तक कसं वाटलं ते प्रामाणिकपणे कळव, असं तू लिहिलंस. कळवते. पण आधी सांगायला हवं की या विषयात मी आता अडाणी राहिलेली नाही. प्रार्थना संपल्यावर आम्ही बायका एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत थांबतो, हे पाळक पिनकसाहेबांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी आमचं वाचन मंडळ काढलं. तेव्हापासून आम्ही सुनांबद्दल पुस्तकांच्या आधारानं बोलतो.

माझं मत असं झालंय की या पुस्तकांचे लेखक पहिल्या प्रकरणात खड्ड्यात पडतात, तिसऱ्यात वर येतात आणि उरलेलं सगळं पुस्तक काठावर उभं राहून आपल्याला हाका मारतात. मागच्या कव्हरावर प्रत्येकाचे दात चांगले असतात. बायबलातला ईयोब अंगभर गळवं आली तेव्हा राखेत जाऊन बसला. आजचा असता तर गळवांचे फायदे सांगत गावोगाव फिरला असता. मला एकच पुस्तक मनापासून आवडलं, एका विधवेचं. तिचा देवावर राग होता आणि शेवटच्या पानावरही तो थोडा शिल्लक होता. मंडळात ते कुणाला रुचलं नाही.

शिवाय ही पुस्तकं वाचून काही करायला जावं, तर घरं हलतात. एकात लिहिलं होतं, तुमच्या आणि देवाच्या मध्ये येणारी वस्तू घराबाहेर काढा. आमच्या क्लॉडीननं (आवाज मोठा म्हणून मंडळात तीच वाचून दाखवते) नवऱ्याचं डॉमिनो खेळायचं टेबल बाहेर काढलं. फिट्झरॉयनं भांडण केलं नाही. त्यानं ते फणसाच्या सावलीत मांडलं, आणि जे चार मित्र आजवर क्लॉडीनच्या धाकानं घरात पाय ठेवत नव्हते ते रोज यायला लागले. मग गल्ली आली. मग तळलेले मासे विकणारी आली. शेवटी पिनकसाहेब स्वतः क्लॉडीनकडे गेले आणि म्हणाले, "बाई, ते टेबल आत घ्या. माझ्या चर्चचे दोन डीकनही सेवा सोडून तिथं बसायला लागलेत."

तर मंडळात तुझं पुस्तक लागलं. मी अभिमानानं पहिल्या बाकावर बसले होते, शेजारी डेलरोझ. (आपल्या आत्येबहिणीला अजून कुजबुजता येत नाही. ती कुजबुजली की घंटा वाजवणाराही वळून बघतो.) पहिली चार प्रकरणं झाली. परदेशात सुरुवातीला तुला किती सोसावं लागलं हे मला नव्यानं कळलं. तेव्हाच्या पत्रांत तू फक्त हवामान लिहायचीस. मग क्लॉडीननं पाचवं उघडलं. आई खाटेवर पडली आहे, तू उशाशी बसली आहेस, ती तुझा हात हातात घेते आणि म्हणते, "पोरी, किती गार पडलाय गं तुझा हात." आणि तुला उमगतं की गार पडलाय तो हात नव्हे, तुझा विश्वास. पुढे तो पुन्हा ऊबदार करण्याचे उपाय आहेत.

बायका रडत होत्या. क्लॉडीनला वाचवेना. तेवढ्यात डेलरोझ कुजबुजली, "हिची आई गेली तेव्हा ही टोरांटोत नव्हती का?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. पिनकसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "भगिनी इझ्मे, तुम्ही त्या घरात होता. तुम्हीच साक्ष द्या."

मी उभी राहिले. ताई, देवाच्या घरात उभी होते आणि बहीण तू माझी. म्हटलं, "आईनं तो हात व्हर्लीनचा म्हणूनच धरला होता. हे शब्दही तिनं व्हर्लीनलाच उद्देशून म्हटले. मी स्वतः ऐकलेत."

यात एकही अक्षर खोटं नाही, हे तुला माहीत आहे. तुला तिकीट मिळेना. तू पोचलीस ती दफनाच्या आदल्या दिवशी. त्याआधी, खाटेवर असताना, आई एकच विचारत होती, व्हर्लीन आली का. शेवटी मी म्हटलं, आली, ही काय बसलीय, आणि माझा हात तिच्या हातात दिला. मागच्या अंगणात चादरी धुऊन तशीच आले होते, म्हणून तो गार होता. तिकडच्या थंडीनं झाला असेल असं तिला वाटलं. हे सगळं तुला फोनवर मीच सांगितलं होतं. तू त्याचं प्रकरण करशील असं वाटलं नव्हतं, एवढंच.

पिनकसाहेब "आमेन" म्हणाले. डेलरोझ घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होती. फाटकाशी आल्यावर मात्र वळून म्हणाली, "तू मेल्यावर सरळ स्वर्गात जाशील, पण तुझ्यासारखं मूर्ख तिथं दुसरं कुणी नसेल." मी तिला मक्याची लापशी खायला थांबवून घेतलं. थांबली.

बाकी भेटीत. लहानांना आशीर्वाद. मोठं आपल्यात आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा उरलेले सगळे सलाम तुलाच.

तुझी,
इझ्मे

ता. क. प्रती सगळ्या संपल्या. बायका आणखी मागताहेत. क्लॉडीननं तुझ्या उपायांपैकी पहिला करून पाहिला. फिट्झरॉय सध्या घरीच आहे.

ता. क. २ : नव्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरासाठी तुला माझ्या दोन ओळी हव्या होत्या. अशा छाप : "लेखिकेची भाषा ओघवती आहे. पाचव्या प्रकरणाच्या वेळी मी तिथेच होते."

ता. क. ३ : पिनकसाहेबांनी तुला नाताळात भाषणाला बोलावलंय. भाषण कर किंवा नको करूस, पण ये. पुढचं पिंप पाठवू नकोस, त्या पैशांत तिकीट काढ. प्रामाणिक मत राहिलंच. पाचवं प्रकरण मी घरी येऊन पुन्हा वाचलं, एकटीनं. पहाटेपर्यंत आईनं लेकीचा हात सोडला नाही, असं तू लिहिलंयस. फोनवर हे मी तुला सांगितलं नव्हतं. पण सोडला नव्हता.