यानात शिडी कशाला?

चि. लेखकमहाशयांस,

काकाचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझी काकू मजेत आहे, कारण पुतण्याचं नाव टीव्हीवर येतं हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगून झालं आहे. पत्रास कारण, तुझ्या अंतराळ मालिकेचा रविवारचा भाग पाहिला. चुका टिपायच्या म्हणून पुन्हा पाहिला. (तिसऱ्यांदा पाहिला तो काकूच्या आग्रहाखातर.)

बाबा रे, लिहिताना तुझं लक्ष कुठे असतं? मागच्या भागात यानाचा ट्रान्समीटर जळून कोळसा झाला होता. या भागात तुझा तो म्हातारा यंत्रज्ञ त्याच्यावर फडकं मारतो आणि तो सुरू होतो. आमच्या घरचा मिक्सरसुद्धा फडक्याला दाद देत नाही. बरं, यानात गुरुत्वाकर्षण नाही, कप तरंगताहेत, माणसं छताला डोकी आपटताहेत, आणि भिंतीला टेकून चक्क शिडी! जिथे माणूस उडतो तिथे शिडी कशाला? तर म्हणे, यंत्रज्ञाने ती थोरल्या भावाकडून मागून आणली, तिची एक पायरी मोडली, त्यावरून दोघांचं वाजलं आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद. एका पायरीवरून कोणी बोलणं टाकतं का? (तुझ्या वडिलांचं आणि माझं प्रकरण वेगळं. ती पायरी आधीपासूनच कुजलेली होती.)

पण खरी गफलत पुढेच आहे. हा यंत्रज्ञ पहिल्या भागापासून हट्टी. कॅप्टनला जुमानत नाही, यानाला आग लागली तरी 'मी सांगितलं होतं' एवढंच म्हणतो. अशी बाणेदार माणसं आता राहिली नाहीत. आणि हाच माणूस काही कारण नसताना उठतो आणि पृथ्वीवरच्या भावाशी बोलायला जातो? त्याचा स्वभाव गेला कुठे? मी तिथल्या तिथे उभा राहून सांगितलं की असा माणूस आधी आपणहून कधी बोलणार नाही. त्यावर काकू म्हणाली, ते मला ठाऊक आहे, रोजच बघते, आणि तिने मोठ्याने नाक शिंकरलं. त्यात यंत्रज्ञाचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. (तिन्ही वेळा तिने नेमकं तिथेच शिंकरलं.) ते वाक्य चुकीचंच असणार.

शिवाय यान एवढं लांब, की आवाज पृथ्वीवर पोचायलाच चार वर्षं, उत्तर यायला आणखी चार. दादाचं वय काय, त्याला धाप किती लागते, याचा काही विचार? (यंत्रज्ञाच्या दादाचं म्हणतोय.) तेव्हा भाग पुन्हा दाखवतील तेव्हा हा प्रसंग कापून टाक.

तुझा स्पष्टवक्ता काका

ता. क. हे पत्र वडिलांना दाखवू नकोस. दाखवलंसच, तर गुडघ्यांपुरतं दाखव.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहूनच गेलं. आज सकाळी तुझ्या वडिलांना फोन लावला. ट्रान्समीटरची शंका विचारायची होती, त्यांची हयात रेडिओ दुरुस्तीत गेली म्हणून. (नंबर काकूकडे होताच, इतकी वर्षं होता.) त्यांनी लगेच उचलला. मी बोललो नाही. तेही बोलले नाहीत, पण फोन ठेवलाही नाही. धाप तेवढी ऐकू येत होती. शेवटी मीच ठेवला. तर तो प्रसंग राहू दे. फक्त यंत्रज्ञ पहिलं वाक्य काय बोलला, ते लगेच कळव.