गच्चीवरची रेंज

सास्तूर, ता. लोहारा
४ डिसेंबर २०२४, दुपार

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्हीही खुशालच असणार, कारण भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकू येतंय. तिकीट लावलं नाही, पत्ता एकच आहे. उद्या शेतावर न्यायच्या डब्याच्या पिशवीत ठेच्याच्या डबीखाली हा कागद सापडेल. आधी जेवा, मग वाचा.

बातम्या बऱ्याच साठल्यात. निकिताचा लातूरहून फोन होता. हॉस्टेलच्या वरणात डाळ शोधावी लागते म्हणते, चिवडा पाठवायचाय. म्हैस आटत आलीय. आत्याबाईंचा गुडघा दुखतोय, तरी थंडीत अंगणातच झोपतात. भूकंपापासूनची सवय आहे ती, तुमच्या आईला तुम्हीच सांगा. शेजारच्या सिताबाईनं दिवाळीत नेलेली चाळणी एकदाची परत केली, तीही माझी नाही. हे तुम्ही असता तर फोनवर पोट धरून हसला असता.

असता म्हणजे, तिकडं असता तर. इथं तर तुम्ही आहातच.

तुम्ही फौजेतून कायमचे घरी आलात तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. सिताबाई अजून म्हणते, ''लई नशीब काढलंस बघ. आमचं मालक पुण्याला, तुजं समोर बसून जेवतंय. आनिक काय पायजे?'' मी हसून मान हलवते. काय पाहिजे ते मलाही नीट सांगता येत नव्हतं.

तुम्ही जेवताना दोनच शब्द बोलता. ''मीठ'' आणि ''बास.'' माझे डबे उंचीप्रमाणं लावून ठेवलेत, साखर शोधताना मी रोज चुकते. गोधड्यांच्या घड्या अशा करता की उलगडायची भीती वाटावी. यात भांडण्यासारखं काही नाही, म्हणून भांडणही होत नाही. तुम्ही बाजेवर बसता, मी चुलीपाशी, मधे टीव्ही बोलतो.

पूर्वी असं नव्हतं हो. लग्न झाल्यापासून वर्षाकाठी महिना-दीड महिना तुम्ही घरी, बाकी सगळा संसार आपण गच्चीवर केला. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात यायची. चित्र अडकायचं, म्हणून नुसता आवाज. दिवाबत्ती झाली की मी वर जायचे. जाण्याआधी तोंड धुवायचे, केस सारखे करायचे. आवाजाला कुठं तोंड दिसतंय? पण धुवायचे. तुम्ही जैसलमेरच्या वाळूतून विचारायचात, ''आज काय काय केलंस?'' आणि मी सगळं सांगायचे. आत्याबाई काय बोलल्या, कोण कसं वागलं, कशानं रडू आलं. तुम्ही मधेच ''मग?'' म्हणायचात. त्या ''मग?''वर माझा जीव होता. आहे.

आता घरात कुणी मन दुखावलं की माझा हात फोनकडं जातो. आणि हल्ली मन दुखावणारे तुम्ही असता. तुमचं गाऱ्हाणं ज्याला सांगावं असा माणूस मला एकच माहीत आहे, तोही तुम्हीच, आणि तो फोन आता लागत नाही.

तरी मी रोज संध्याकाळी वर जाते. तुम्हाला वाटतं टाकीतलं पाणी बघायला जाते.

मागच्या आठवड्यात तुम्ही शेतातून फोन केलात, ''घरी लाईट आली का?'' एवढंच विचारायला. मी तेव्हा नेमकी कोपऱ्यात उभी होते. ''आली'' म्हणाले. ठेवून देणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ''आज काय काय केलंस?''

मी किती वेळ बोलले मला माहीत नाही. आत्याबाई खालून ओरडत होत्या, ''आगं महानंदा, दूध उतू गेलं की!'' गेलं तर गेलं. तुम्ही हसलात. तुरीत रानडुकरं कशी शिरली ते सांगितलंत, त्यांचा आवाजसुद्धा काढून दाखवलात. मग तुम्ही घरी आलात, पाय धुतले, माझ्याकडं बघितलंत आणि खाली बघितलंत. मलाही लाज वाटली, परक्या माणसाशी बोलताना पकडल्यासारखी. जेवताना तुम्ही म्हणालात, ''मीठ.''

दुसऱ्याच दिवशी तुम्ही पुण्याच्या सिक्युरिटीच्या नोकरीचं काढलंत. पेन्शन असताना, रान असताना. ''मित्राला शुक्रवारी कळवायचंय. जाऊ का?'' मी म्हटलं, ''तुमची मर्जी.'' तुम्हाला वाटलं मी रुसले. आत्याबाईंनाही तेच वाटलं, त्या तुमच्यावर चिडल्या.

मी रुसले नव्हते. लिहितेच आता. तुम्ही ''जाऊ का'' म्हणालात तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. तुमचा आवाज परत मिळणार, असं वाटलं. मग भांडी घासताना त्या आनंदाचीच भीती वाटली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस घरी आलाय, आणि तो जाणार म्हणून मला बरं वाटतंय. हे मी कुणाला सांगू? वर गच्चीवर जाऊन सांगायचं तरी कुणाला?

तुम्हालाही तेच हवंय, हे मला कळलंय. इथं एकटं वाटतं ते मला एकटीलाच नाही. बाजेवर बसलेल्या माणसालाही वाटतं.

म्हणून तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर लिहून देते. जाऊ नका. पुण्याला गेलात तर आपण पुन्हा छान बोलू, आणि म्हातारपणी परत याल तेव्हा पुन्हा मीठच मागाल.

त्याऐवजी उद्या दिवाबत्तीच्या वेळेला शेतातून फोन करा. मी तोंड धुऊन वर येते. विचारा, आज काय काय केलंस. पण बोलत बोलत बांधावरून घराकडं चालायला लागा. मारुतीच्या देवळापाशी आलात तरी ठेवू नका. गल्लीत आलात की मी खाली उतरेन, तेव्हा रेंज जाईल, आवाज तुटेल, तरी बोलत राहा. दार मी उघडंच ठेवते.

फोन नसला तरी ''मग?'' म्हणा. एवढंच मागते.

तुमची,
टाकीच्या कोपऱ्यात उभी असलेली
महानंदा