दानियलच्या वरची ओळ

६ एप्रिल

आज लोणखेड्यात मुक्काम टाकला. खोली सिंधुकाकींची. मागे केळीचा बाग आहे, त्यामुळे खिडकीतून येणारी हवा तरी गार. माझी ही पहिलीच नोकरी. प्रकाशाजवळ तापीकाठी पाणी उचलण्यासाठी मोठी विहीर खोदणं चालू आहे, तिथे ठेकेदाराकडे मी प्लॅनिंग इंजिनिअर. काकींनी कळण्याची भाकरी, ठेचा वाढला आणि मी नक्की काय करणार ते विचारलं. संगणकावर कामांच्या पट्ट्या मांडायच्या, असं सांगितलं. त्यांना ते काही पटलं नाही. "दिनभर बठीसन रेघा वढाना? हाई बी काम शे का?" मलाही हसू आलं.

७ एप्रिल

ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर. प्रोजेक्ट मॅनेजर दिलवरसिंग साहेब हळू आवाजात बोलतात, मला ताई म्हणतात. सॉफ्टवेअर त्यांनीच दाखवलं. प्रकल्प उघडला की आधी कामांची यादी येते. वर डावीकडे 'व्ह्यू' दाबायचं, तिथे शेवटचं नाव टाइमलाइन. ते निवडलं की अख्खी यादी तारखांखाली आडवी पसरते. खोदाई निळी, अस्तराचं काँक्रीट हिरवं, पंप केशरी. पट्टीचं टोक माउसने ओढलं की काम लांबतं. साहेबांच्या हाताखाली शिकायला मिळणार, याचं बरं वाटलं.

१४ एप्रिल

विहीर साठ फुटांवर गेली. खाली उतरणाऱ्यांत दानियल सगळ्यांत तरबेज. तो आणि त्याची बायको लिडिया नवापूरच्या डोंगराकडचे. ती वर घमेली ओढते. रोज मला मीठ लावलेली कैरी आणून देते, आणि मी खाईपर्यंत समोरून हलत नाही.

आज टाइमलाइनमध्ये आणखी एक पर्याय दिसला, 'माणसानुसार'. वाटलं, कोणाकडे कोणतं काम ते दिसेल. पण प्रत्येक नावापुढे एकच राखाडी पट्टी. बहुतेकांच्या पट्ट्या पडद्याबाहेर गेलेल्या. खोदाईवरच्या सुकरामची १८ एप्रिलला संपते. रजेवर जाणार असेल.

१८ एप्रिल

दुपारी बादलीचा हूक निसटला. सुकराम खाली होता.

साहेबांना चार्ट दाखवला. त्यांनी कंटेनरचं दार लावून घेतलं. म्हणाले, तुम्हाला सापडलं तर. त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मग त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, पुढचं नाव कोणाचं?

२१ एप्रिल

साहेब रोज सकाळी तो चार्ट मागतात. ज्याची पट्टी आखूड, त्याला विहिरीच्या तळाशी पाठवतात. तुम्ही पाठवता म्हणूनच ते मरतात, असं मी म्हटलं. ते चिडले नाहीत. माणूस जाणारच आहे, तर घरी खाटेवर जाण्यापेक्षा खोदाई करून जाऊ दे, लांब पट्टीचा गडी मी कशाला वाया घालवू, असं त्यांचं म्हणणं. सोडून जायचं ठरवलं होतं. गेले नाही. का, ते लिहवत नाही.

२५ एप्रिल

दानियलची पट्टी २७ ला संपते. साहेब जेवायला गेले तेव्हा मी तिचं टोक धरून ओढलं. सरकलं! पार पुढच्या दशकात नेऊन सोडलं. पण त्याच्या खालची ओळ आखडली. लिडिया. २७ एप्रिल.

मागे घेता येईना. लिडियाची ओढली. तिच्याखालची आखडली. खात्या, २७ एप्रिल.

तिथे थांबले. खात्या कोण, मला चेहऱ्यानेसुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणूनच थांबले.

२७ एप्रिल

आता ठाऊक आहे. डाव्या कानात बाळी होती. मातीचा कडा सुटला तेव्हा तो तंबाखू मळत होता. दानियलने त्याला वर आणलं. लिडिया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आपला माणूस वाचला म्हणून देवाचे आभार मानत होती.

२८ एप्रिल

साहेबांनी ओळखलं. म्हणाले, हात बसला तुमचा. त्यांचं स्वतःचं नाव सगळ्यांत वर आहे. पट्टी इतकी लांब की मी बराच वेळ सरकवत बसले, तेव्हा कुठे टोक आलं. त्यांच्याखाली माझी ओळ. माझ्याखाली दानियल.

३० एप्रिल

साहेबांची पट्टी कालपेक्षा लांब. माझी २ मे.

विचारलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, तुम्ही नाही का ओढली? जागेवर येऊन पाहिलं, तर माझ्या लॉगिनला आता नुसतं बघता येतं.

१ मे

साहेब झेंडावंदनाला गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले, त्यांचं लॉगिन उघडंच होतं. त्यांची ओळ कुलूपबंद, हलत नाही. बाकी कोणालाही माझ्याखाली आणता आलं असतं. आणलं नाही — ओळी होत्या तशाच ठेवल्या. म्हणजे मी कोणाला निवडलं नाही. फक्त माझं टोक ओढलं. चाळीस वर्षं.

दानियल, २ मे.

बाहेर आले तर लिडिया. कैरी. खाल्ली.

२ मे

साइटवर गेले नाही. साडेअकराला साहेबांचा फोन. त्यांनी लिडियाला संगणकासमोर बसवलं आहे. कोणी काय केलं, सगळं दाखवलं. खात्याचंही. म्हणाले, दानियल कामाचा गडी आहे, ताई. इंजिनिअर काय, शहाद्यात ढिगाने मिळतील.

चार्ट मोबाइलवर उघडून बघते आहे. माझी ओळ दानियलच्या खाली गेली —

११.४० तिचा हात माउसला सरावलेला नाही. टोक पुढे जातं, मागे येतं. माझं उद्या. माझं आज संध्याकाळ. परत उद्या.

११.४६ लिडियाला फोन लावला. उचलला. रडते आहे. शिवी नाही, काही नाही. एवढंच विचारलं — "ताई, कुठल्या बाजूला ओढू? तो वाचेल ना?"

डावीकडे, मी म्हणाले. डावीकडे ओढ. दानियलची आखडेल, माझी लांबेल, हे सांगितलं नाही.

तिने विश्वास ठेवला. साहेब मागून काहीच बोलले नाहीत. का बोलले नाहीत —

ओळ निळी झाली, म्हणजे तिने पकडली. पण ती दानियलची नाही, हात एक ओळ खाली घसरला, ती माझी — लिडिया, सोड, ती माझी — संध्याकाळ — दुपार — बारा — अकरा पन्ना