वाघजाईच्या डोंगरावरचं विमान

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

पिंपरी,
रविवार, ता. २५ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप कुशाआत्यास,
बालक मुरारीचा शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. इथे सर्व खुशाल. तुझ्या खुशालीचे चार शब्द बबनराव मास्तरांकडून लिहवून घेत जावेत.

तू दिलेला ठेचा चार दिवससुद्धा टिकला नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर ज्योतीराम नावाचा लातूरकडचा गडी असतो. स्वतःला तिखटाचा मोठा दर्दी म्हणवतो. दुसऱ्याच घासाला त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी पठ्ठ्या म्हणतो कसा, की आमच्याकडं याला भाजी म्हणतात.

आता मुद्द्याचं. लढाईच्या काळात आपल्या करंजवाडीवरच्या डोंगरात लष्करी विमान पडलं होतं, हे मी एकदा बोलून गेलो आणि कारखान्यातल्या पोरांनी मला पछाडलंच. आता आम्ही आठ जण २३ डिसेंबरच्या रविवारी तिथं चढून जाणार. भाड्याच्या सायकली ठरवल्यात. पहाटे निघून मोशीला इंद्रायणी ओलांडायची, चाकणला चहा घ्यायचा आणि नवाच्या आत वाडीत. कपडे मळणार म्हणून सगळे कंपनीच्या खाकी गणवेशातच येऊ. ज्योतीराम वही आणणार आहे. कुठला तुकडा कुठं पडलाय, सगळ्याची नोंद करून तो नकाशा काढणार म्हणे. फक्त वरची वाट ठाऊक असलेला माणूस तू गाठून ठेव.

आत्या, बाकीच्यांना विमान बघायचंय. मला काय बघायचंय ते तुला ठाऊक आहे. मी दहा वर्षांचा होतो. बाबांना भाजलेल्या अंगानं खाली आणलं, दोन दिवसांत ते एक शब्दही न बोलता गेले, आणि तेरावं व्हायच्या आत वाडीत कुजबुज सुरू झाली की मालोजी पत्रा चोरायला गेला आणि भाजून मेला. शाळेत पोरं मला पत्र्या म्हणायची. आई आधीच गेलेली. तू मला वाढवलंस, पण डोंगर चढू दिला नाहीस. आता बावीस वर्षांचा झालो. ती जागा एकदा डोळ्यांनी बघू दे. तुझी परवानगी नसेल तर मी येणार नाही, पोरांना काहीतरी सांगेन.

आशीर्वाद आहेतच, त्यांत कमी करू नये.
तुझा, मुरारी

---

मु. करंजवाडी, ता. ४ डिसेंबर

चिरंजीव मुरारीस कुशाबाईचे अनेक आशीर्वाद.
(बाई जशा बोलतात तसेच लिहावे असा त्यांचा हुकूम आहे, त्याप्रमाणे. — बबनराव)

लेकरा, तुला अक्कल हाय का न्हाई? हितं पोस्टमन सोमवारचा येतो, अन् मास्तर समद्यांची पत्रं देवळाच्या पायरीवर बसून वाचत्यात, हे इसरलास व्हय? तुजा तो ज्योतीराम रडला तवर मानसं पोट धरून हसली. फुडं माज्या दादाचं नाव निघालं अन् समदी खाली मान घालून बसली. मी उठून घरला आले. डोस्कं तापलं व्हतं माजं.

पन रातभर इचार केला. बारा वर्सं मी त्या डोंगराकडं पाठ करून बसले. घराचं दारसुदीक फिरवून घेतलं, आठवतंय ना? वाडीत घरोघरी इमानाचा पत्रा हाय. भिमाजीची म्हस त्यातच पानी पिती. अंबूबाईच्या कणगीवर त्येचंच झाकण हाय. साळंची घंटा त्याच्या चाकाची. (मास्तर म्हनत्यात हे नको, मी म्हनलं लिवा.) माज्या घरात एक खिळा न्हाई. आनला असता तर लोकं म्हनली असती, बघा, खरं निघालं. पन दादा चोर नव्हता. मला पुरावा नको, मी त्याच्या पाठची हाय. तुला पुरावा पायजे, तर जा. माजी हरकत न्हाई.

वाट एकट्या भिमाजीला ठावं हाय. त्या दिशी दादाबरूबर पयला त्योच वर पळाला व्हता. त्याला इचारलं तर म्हशीम्होरला पत्रा नीट करत बसला, मग व्हय म्हनला.

एक कळंना झालंय. मानसं मला इचारत्यात, ही आठ खाकीवाली कोन, अन् वही कशापायी. मी म्हनलं कंपनीची हायती. तवा तर जास्तच गप झाली.

जेवायला आठ जनांचा अंदाज धरते. कमी खाल्लं तर माजा लोभ कमी झाला म्हनून समज.
तुजी, आत्या

---

पिंपरी, ता. ९ डिसेंबर

तीर्थस्वरूप आत्यास दंडवत.
पायरीचं मी साफ विसरलो, माझे कान धर. तू हो म्हणालीस, हे वाचून मी खाटेवर बसूनच राहिलो. तुझे उपकार कसे मानायचे ते मला येत नाही. आबाजी कोकणातला आहे, त्याला फक्त भात लागतो, एवढं बघ. बाकी आम्ही दगडसुद्धा खाऊ. खाकीचं मनावर घेऊ नकोस, लोकांना काही ना काही विषय लागतो.

भेटीची ओढ आहे, ती तुझ्याकडंही असावी.
मुरारी

---

पिंपरी, सोमवार, ता. २४ डिसेंबर
(बंद लिफाफा)

बबनराव मास्तरांस सा. न. वि. वि. हात जोडून सांगणे, की हे पत्र पायरीवर वाचू नये. आत्याच्या घरी, एकट्या तिलाच वाचून दाखवावे.

तीर्थस्वरूप आत्यास दंडवत.
काल डोंगरावरून उतरलो तेव्हा अंगणात वाडीच्या चार बायका तुझ्या मदतीला होत्या आणि तू भाकरी वाढत होतीस. मला बोलायचं होतं, पण त्यांच्यादेखत सांगता येईना. आज पहिली पाळी, म्हणून उजेडातच निघावं लागलं. म्हणून लिहितो.

आम्ही वर पोचलो आणि चाट पडलो. बारा वर्षं पडलेलं विमान, त्यावर गवत-काट्या असतील असं वाटलं होतं. तर काय, सगळे पत्रे ओळीनं मांडलेले! एकावर ज्वारीचे दाणे चिकटलेले, एकाला शेण. घंटाही तिथंच. ज्योतीरामनं वही उघडली आणि भिमाजीकाकांनी त्याला सलामच ठोकला. मग उलगडा झाला. विमान पडलं तेव्हा लष्करानं दवंडी पिटली होती, की तुकड्याला हात लावील तो तुरुंगात जाईल. माझं पत्र पायरीवर ऐकलं आणि वाडीनं ठरवलं की बारा वर्षांनी का होईना, सरकार मोजणीला आलं! तुला पत्ता न लागू देता चार दिवस बाया-बापडे पत्रे पाठीवर घेऊन डोंगर चढले. आम्ही कारखान्यात बाटल्या भरणाऱ्या यंत्रांना तेल घालणारे लोक, हे समजल्यावर काका मटकन खाली बसले. पोरं हसून हसून लोळली.

काका हसले नाहीत. त्यांनी म्हशीचा पत्रा ओळीत ठेवला नव्हता, लांब एका खडकापाशी ठेवला होता. मला तिथं नेलं आणि म्हणाले, की मालोजी इथं पडला होता. मग ते रडायला लागले, आत्या. सत्तरीचा माणूस.

त्या दिवशी दोघं वर पोचले तेव्हा विमान पेटलेलं होतं. काकांनी तो पत्रा ओढायला घेतला. बाबांना आत माणूस दिसला. ते आत शिरले आणि ओरडून सांगत राहिले, की भिमा, पत्रा सोड, माणूस धर. काकांनी पत्रा सोडला नाही. बाबांनी एकट्यानं त्या गोऱ्या माणसाला बाहेर काढून लांब नेऊन ठेवलं आणि परत येताना या खडकापाशी कोसळले. काका घाबरून पत्रा तिथंच टाकून पळाले. मागून वाडी आली. तिला गोरा लांब पडलेला दिसला, तो उडून पडला असं वाटलं. बाबांच्या शेजारी पत्रा दिसला, त्याचा अर्थ लोकांनी लावला. दवंडीच्या भीतीनं काका गप्प राहिले आणि पुढं, तोच पत्रा घरी नेल्यावर, लाजेनं. त्या माणसाला डोलीतून चाकणला नेलं, तेव्हा तो पाणी मागत होता. पुढचं कुणाला माहीत नाही.

मला काकांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांचे पाय धरले, कारण ते बोलले नसते तर मी जन्मभर पत्र्याच राहिलो असतो. हे तुला काकाच सांगणार होते, पण तुझ्यापुढं उभं राहायचा धीर होत नाही म्हणाले. म्हातारपणी त्यांची छी-थू नको, म्हणून हा लिफाफा.

पोरांना मी सगळं सांगितलं. मग आबाजीनं सगळ्यांत जड पत्रा खांद्यावर घेतला. त्याच्यामागं सगळे. वाडीचे पत्रे आम्ही घरोघर पोचवले ते तू पाहिलंस, आता कारण कळलं. ज्योतीरामच्या नकाशावर एकच खूण आहे, त्या खडकाची.

आत्या, तू पुराव्याशिवाय बारा वर्षं बाबांना धरून राहिलीस. मला ते जमलं नव्हतं. तुझं ऋण मोठं आहे आणि ते डोक्यावर असलेलं मला आवडतं.
तुझा, मुरारी

---

मु. करंजवाडी, ता. ८ जानेवारी १९५७

चिरंजीव मुरारीस अनेक आशीर्वाद.
तुजं पत्र मास्तरांनी दार लावून वाचलं. मी रडले, मग मास्तर रडले, मग मी च्या केला.

मी ठरवलं व्हतं, कुनाला सांगायचं न्हाई. मला कळलं, तुला कळलं, लई झालं. भिमाजीचं काय उरलंय आता? पन दुसऱ्या दिशी त्योच आला, त्यो पत्रा घेऊन, अन् माज्या दारात ठिवला. म्हनला, ह्यो तुजा. मी म्हनलं, माजी म्हस न्हाई, काय करू? तुजी दुसऱ्यात पानी पीत न्हाई, घिऊन जा. त्यो हलंना. मग मला म्हनला, की पोराचं पत्र पायरीवर वाचू दे. मी नको म्हनलं. त्यो म्हनला, मालोजीचं नाव पायरीवरच गेलं व्हतं, तितंच परत आलं पायजे.

काल सोमवार व्हता. मास्तरांनी वाचलं. भिमाजी पयल्या पायरीवर बसला व्हता, समद्यांच्या म्होरं. कुनी त्याला वाईट बोललं न्हाई. अंबूबाई, जिनं बारा वर्सं माज्याकडं बघून तोंड फिरवलं, ती मधूनच उठून गेली. मला वाटलं गेली. तर दुधाचा तांब्या घिऊन आली अन् माज्या हातात दिला.

तुज्या त्या सात पोरांना माजं सांग, की तुमी माज्या घरचं जेवलात अन् मलाच उपकारानं जड करून गेलात. संक्रांतीला समद्यांनी यायचं. तीळगूळ खायचा अन् मला वर न्यायचं. डोली-बिली आनशील तर बघ, मी चालत येनार. दार बी डोंगराकडं करून घ्यायचंय, गवंड्याला सांगितलंय.

माया हाय तितकी हायच, आता जरा मोकळी झाली.
तुजी, आत्या

ता. क. — चि. मुरारीस बबनरावांचा आशीर्वाद. घंटा पुन्हा टांगली आहे. मधले चार दिवस मुले मनास येईल तेव्हा शाळेत येत होती. आपले पत्र काल पायरीवर दोनदा वाचले. दुसऱ्यांदा सगळे नको, एवढेच वाचा म्हणून भिमाजींनी सांगितले, की मालोजी काय ओरडत होता. मी वाचले, की पत्रा सोड, माणूस धर. तेव्हा ते उठले आणि सर्वांदेखत होय म्हणाले.