बागेतला माझा अर्धा वाटा

२ एप्रिल
आणि ताईचं पुन्हा तेच! बाग काय फोनवरून पिकते का, म्हणे. छाटणी करून करून तिच्या हाताला फोड आलेत, म्हणे. मग? बाबांनी वाइनच्या द्राक्षांची बाग दोघांच्या नावावर अर्धी-अर्धी केली. तिचे हात, माझं डोकं. इथे उंच इमारतींच्या काचा पुसतो ते तात्पुरतं. मूळचा मी मालक.

४ एप्रिल, जेवणाच्या सुट्टीत
बागेच्या सरकारी अनुदानाचा नियम बदलला. आधी जमीन ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात. आता बागेत जो स्वतः राबेल त्यालाच. बरोबर आहे! माझा पूर्ण पाठिंबा.
ताई म्हणाली, अरे शहाण्या, तुझाच वाटा गेला की. त्याच पैशांत तुझ्या बाजूच्या तारा बदलायच्या होत्या. तारा नाहीत तर वेली जमिनीवर लोळणार, मग उपटून टाका.
पलीकडच्या बड्या कंपनीने म्हणे मॅनेजरला गमबूट घातले, फोटो काढला, झाला राबणारा. फोटो काय, आम्हालाही काढता येतो.

५ एप्रिल
अनुदान देणारे साहेब प्रत्येकाला व्हिडिओ कॉल करणार. बागेत काम करताना दिसलं की झालं. एवढंच?
संकल्प: पैसे आले की मोटारसायकल. उरले तर तारा. नाही, आधी तारा. बघू.

८ एप्रिल
जागा सापडली! दुसऱ्या मजल्यावरच्या हॉटेलची काच पुसत होतो, आत बघतो तर भिंतभर द्राक्षाचे वेल. घडच घड! प्लास्टिकचे आहेत, पण ताईच्या बागेत असे कधी लागले नाहीत. वेटरला पटवलं. फोन काका धरणार. काका म्हणजे काचा पुसायच्या झुल्यावरचा माझा जोडीदार. म्हणाले, लेका, मार खाशील. मी म्हटलं, तुम्ही फक्त हात हलवू नका.
ताईला सांगितलं नाही. चकित होऊ दे.

११ एप्रिल, सकाळी
हाताला कुंडीतली माती. शर्ट मुद्दाम फाडला. (काकांचा निघाला.) आरशात बघितलं. असा शेतकरी साहेबांनी जन्मात बघितला नसेल.

११ एप्रिल, नंतर
साहेबांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, वा! छाटणी होऊन पंधरा दिवस नाही झाले आणि घड लागले? तुमच्या बहिणीकडे तर नुसत्या काड्या दिसल्या. मी म्हटलं, साहेब, मेहनत. ते म्हणाले, आणि मागे तो ट्रे घेऊन कोण चाललाय? मी म्हटलं, मजूर.
नेटवर्क गेल्याचं सांगून फोन ठेवला. एकंदर छान झालं. माणूस खूश होता, हसू आवरत नव्हतं त्याला.

१४ एप्रिल
अनुदानातला माझा वाटा बाद.
ताईचा फोन. आधी ती हसली, मग मागे आई हसली. ताई म्हणाली, तुझा वाटा मला कसायला लिहून दे, पुढच्या वर्षी तरी त्याचं अनुदान येईल. यंदाच्या तारांचं काय, हे तिने विचारलंच नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. जेवलास का, एवढंच म्हणाली.

१५ एप्रिल
सही करून कागद धाडला. काकांचा शर्ट शिवून दिला. उलटा शिवला, म्हणाले.
मोटारसायकलसाठी पैसे साठवत होतो तो डबा फोडला. तारांसाठी पाठवतोय: सहा हजार चारशे.