कोपऱ्यातली ओळ

दि. ३ जानेवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

फोनवर तू नुसते हो ला हो करतोस आणि ठेवला की विसरतोस, म्हणून लेखी कळवणे भाग पडले. गेल्या खेपेला तू तुझ्या काकांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदललास. तेव्हापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, सिस्टिम अॅक्टिव्हेट करा, अशी फिकट ओळ ठाण मांडून बसली आहे. पडदा काळा झाला. काकांनी लावलेला बागेतल्या दोन खुर्च्यांचा फोटो गेला. परत लावू म्हटले, तर आधी अॅक्टिव्हेट करा!

शेजारणीचा जावई फुकटचा क्रॅक टाकून देणार होता. त्याला चहा दिला आणि वाटेला लावले. चोरीचा माल या घरात चालत नाही. तू बिघडवलेस, तूच येऊन निस्तर.

काकूचा आशीर्वाद आहेच.

दि. १० जानेवारी

ती. काकूस सा. न.

पत्र वाचले, कान पकडले. काकांनी सिस्टिम रीतसर विकत घेतली होती. तिचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक त्यांनी कपाटाच्या दारावर आतून लिहिलेला असणार. सगळे तिथेच लिहायचे. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन उघड आणि तो टाक. त्यात शून्य आणि एक कधी नसतात, पण आठ आणि बी यांत घोळ होतो. तरी अडलेच तर पडद्याचा फोटो पाठव, इथूनच दहा मिनिटांत करून देईन. कामामुळे महिनाभर तरी येता येणार नाही. रागावू नकोस, लोभ आटू देऊ नकोस.

तुझा खटपट्या

दि. १९ जानेवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

दार उघडले. चष्म्याचा नंबर, माझा रक्तगट, त्याखाली तो क्रमांक. काकांचा आठ बीसारखाच. दोनदा नाकारला गेला. काम अजून झालेले नाही. मागितलास म्हणून फोटो छापून जोडला आहे. तिथून काही करू नकोस, समक्ष ये. दुपारी दोननंतर मी घरीच असते. सकाळीही असते.

काकू

दि. २५ जानेवारी

ती. काकूस सा. न.

फोटो भिंगाखाली धरला. कोपऱ्यात ओळ नाही. काकांच्या खुर्च्याही परत आल्या आहेत, आणि अॅक्टिव्हेट झाल्याशिवाय त्या येत नाहीत, हे तूच कळवले होतेस. आमची मास्तरीणबाई काकू थाप मारेल, पण खोटा पुरावा जोडणार नाही! आधी खूप हसलो. मग तुझी ती दुपारची वेळ पुन्हा वाचली. पुढच्या रविवारी येतो.

तुझा खटपट्या

दि. २९ जानेवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

खोटे लिहिले, कबूल. ओळ पंधरा तारखेलाच गेली. तिच्याबरोबर तुला बोलावण्याचे कारणही गेले. चार दिवस कॉम्प्युटर लावून त्या दोन खुर्च्यांसमोर बसले आणि मग ते पत्र लिहिले. काम नसताना ये म्हणायची मला सवय नाही. ती या वयात लावून घ्यावी लागेल, असे दिसते. जेवायला थांब.

काकू

दि. १ फेब्रुवारी, रविवार

खटपट्यास समक्ष दिले, ते असे:
क्रमांकाची प्रत, आठ आठासारखा काढून – एक.
काकांची स्क्रूड्रायव्हरची पेटी – एक.
पुढच्या दाराची जादा किल्ली – एक. परत करायची नाही.

देणार : काकू
घेणार : खटपट्या